जिते ते कॅन्टन, व्हाया चायनीजची गाडी

परवा ऑफिसातली एक ज्युनियर डेस्कपाशी आली. चेहरा असा, जणू अप्रेझल माझ्याच हातात आहे. म्हणाली, ‘मॅम, ग्वांगझूला जायचंय. कॅन्टन फेअर. तिकडे खायचं काय?’

भारत-चीन थेट विमानं २०२०पासून बंद होती. ती २६ ऑक्टोबर २०२५ला पुन्हा सुरू झाली आणि पहिलं उडालं ते नेमकं कोलकाता-ग्वांगझू. म्हणजे आता पुन्हा बॅगांमध्ये थेपले, मॅगी आणि खाकऱ्याची पाकिटं कोंबली जाणार. मी तिला म्हटलं, ‘बस. कॉफी घे. माझ्याकडे या विषयावर एक लांबलचक स्टोरी आहे आणि ती जित्यापासून सुरू होते.’

‘जिते? चायनामध्ये?’

नाही गं बाई. पेण तालुक्यात! दिवा-रोहा गाडीनं निघालात की रसायनी, आपटा, मग जिते. पुढे हमरापूर, मग पेण. गाडी थांबते न थांबते तोच सुटते, त्यामुळे डुलकी लागली की थेट पेणलाच उतरायचं. हे आमचं गाव. मी राहते खारघरला, नोकरी लोअर परळला, पण दिवाळी-गणपतीला पत्ता बदलतो.

तर गोष्ट २०१९च्या दिवाळीची. आमच्या कंपनीचा धंदा बॅगांचा आणि फेअरच्या तिसऱ्या फेजमध्ये बॅगा असतात, म्हणजे ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. बॉसनं माझं तिकीट काढलं होतं. भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघायचं. कोलकात्याहून थेट विमान त्याच आठवड्यात, २७ तारखेला सुरू झालं होतं. मी हवेत. घरात मात्र वातावरण तंग.

कारण आमचा धाकटा चुलतभाऊ. काकांचा एकुलता एक. काका गणपतीचे कारागीर. हमरापूर, जोहे, कळवे हा सगळा पट्टाच गणपतीचा. घराघरात कारखाना, वर्षभर मूर्ती, अंगण पांढरं. काकांची आखणी म्हणजे नाव होतं पंचक्रोशीत. डोळे काढायला लोक काकांना बोलावून न्यायचे. धाकट्यानं हा धंदा घ्यावा, ही साधी अपेक्षा. तो गेला रसायनीला कंपनीत. कंपनीत कॉन्ट्रॅक्ट संपलं. मग त्यानं काय करावं? हायवेला चायनीजची गाडी लावली! लाल रंग, पिवळा ड्रॅगन, ट्रिपल शेजवान, लॉलीपॉप, मंचुरियन, चायनीज भेळ. २०११ला सुरू झालेलं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण तेव्हाही चालूच होतं. आज गाडीसमोर खड्डा, उद्या गाडी जिथे उभी तिथेच डंपर. आठ महिन्यांत त्यानं तीनदा जागा बदलली.

आणि त्या आठ महिन्यांत काकांनी गाडीवरचा एक घासही खाल्ला नव्हता. घरापासून चालत दहा मिनिटं. गेलेच नाहीत.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तर ताटात पाकीट टाकून कानाशी येऊन हळूच म्हणतो, ‘ताई, तू चायनाला चाललीयस ना. तिकडे नीट बघून ये. मी विकतो ते खरं चायनीज आहे का? अण्णा रोज म्हणतात, खोटं विकतोस. एकदा सांग त्यांना.’

मी हसून ‘हो रे’ म्हटलं. अशी आश्वासनं आपण देतोच की! विमानात बसल्यावर मात्र ते ‘एकदा सांग त्यांना’ टोचायला लागलं.

आता ग्वांगझू. जुनं नाव कॅन्टन. हे गाव मुंबईकराला परकं वाटावं असं नाहीच मुळी. १७५७ ते १८४२ या काळात युरोपियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये समुद्रमार्गे व्यापार करायचा तर हे एकच बंदर उघडं होतं, आणि मुंबईची जहाजं कापूस आणि अफू घेऊन तिथंच धडकायची. आपल्या जे. जे. हॉस्पिटलचे सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी पाच वेळा चीनची सफर करून आले होते. त्यांच्या त्या अफाट पैशात अफूचा वाटा मोठा होता, हे जे.जे.च्या रांगेत उभं राहून आपल्याला कुठे आठवतं? मूळ मुंबईच्या कितीतरी पारशी व्यापाऱ्यांच्या कबरी ग्वांगझूजवळच्या छांगचौ बेटावर आहेत. मला जायचं होतं, पण बॉसनं पाच दिवसांत बॅगांचे अडीचशे स्टॉल बघायला लावले.

उलट दिशेनंही माणसं आली. ग्वांगझूच्या नैर्ऋत्येला चार तालुके आहेत, त्यांना मिळून ‘सी यिप’ म्हणतात. तिथले खलाशी मुंबईच्या गोदीत उतरले, राहिले, आणि त्यांनी १९१९मध्ये माझगावला देऊळ बांधलं. डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. अख्खं आयुष्य हार्बर लाइनवर काढून मी ते पाहिलं नव्हतं. (आलात ना, शनिवारी जाऊन या. मॉल कुठे पळून जात नाही.) १९६२च्या युद्धानंतर यातल्या कित्येकांनी मुंबई सोडली. जे राहिले, त्यांनी आपल्याला हॉटेलात जाऊन नूडल्स खायला शिकवलं.

पहिल्या सकाळी आमची तिथली एजंट, माझ्याच वयाची, मला ‘यम चा’ला घेऊन गेली. यम चा म्हणजे शब्दशः ‘चहा पिणे’. आपला चहा आणि त्यांचा चा, एकच खानदान. हॉटेल तीन मजली, सकाळचे आठ, आणि गर्दी कोणाची? आजी-आजोबांची! पेपर, चष्मे, नातवंडं, प्रचंड गोंगाट. आपल्याकडे इराण्याकडे असायचा तसा. एजंट म्हणाली, इथले लोक दोन तास बसतात. कोणी उठवत नाही.

टेबलावर चहाची किटली आली आणि सोबत एक मोठा वाडगा. एजंटनं वाडग्यात गरम चहा ओतला. मला वाटलं स्वागताचा. मी उचलला, दोन घोट प्यायले. ती बघतच राहिली. मग समजलं की तो पहिला चहा वाट्या-चमचे विसळायचा असतो. इंटरनॅशनल बिझनेस ट्रिप, मंडळी!

आपल्या कपात दुसऱ्यानं चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची. म्हणजे थँक्यू. कथा अशी सांगतात की एक बादशहा वेश पालटून फिरत होता, त्यानं नोकराच्या कपात चहा ओतला. आता भर चहाघरात नोकर लोटांगण घालणार कसा? म्हणून त्यानं बोटांनीच गुडघे टेकले. किटलीत पाणी हवं असेल तर हाका मारायच्या नाहीत, झाकण तिरकं ठेवायचं. मला हे फार आवडलं. आमच्या कॅन्टीनच्या मामांना शिकवायचा प्रयत्न केला, त्यांनी झाकणच काढून नेलं.

मग बांबूच्या करंड्या यायला लागल्या. पहिली उघडली आणि मी गप्प. आत चार पांढरे, चमकदार, एका बाजूनं चुण्या घातलेले... मोदक! म्हणजे मोदकच म्हणायचे. आत गूळ-खोबऱ्याऐवजी कोळंबी. नाव ‘हार गाव’. मला वाटलं आपट्याच्या पुढचं स्टेशन. एजंटनं समजावलं की पीठ गव्हाच्या सत्त्वाचं असतं आणि ते उकळत्या पाण्यातच भिजवावं लागतं. अगं, ही तर उकड! चांगल्या हार गावला निदान सात चुण्या हव्यात, दहाच्या वर गेल्या तर उस्ताद. मी काकूचे एकवीस कळ्यांचे मोदक मोबाइलवर दाखवले. एजंटनं तो फोटो शेजारच्या टेबलावरच्या आजींना दाखवला. आजींनी पुढच्या टेबलाला. पाच मिनिटांत जित्याच्या काकू ग्वांगझूच्या दोन मजल्यांवर फेमस.

दुसरी प्लेट आली ‘चंग फन’. तांदळाच्या पिठाचं पातळ वाटण ताटलीत पसरून वाफवायचं, मग ती पारदर्शक साय उलटून, गुंडाळी करून वर सोया सॉस. पहिल्या घासाला मी डोळेच मिटले. कारण ही चव मला पाठ आहे. उन्हाळ्यात काकू सालपापड्या घालते. तांदूळ भिजवून आंबवायचे, वाटायचे, ताटलीत पसरून वाफ द्यायची, साल सोडवायचं आणि कापडावर वाळत टाकायचं. आम्ही पोरं मात्र त्या वाळू द्यायचोच नाही. ओल्या, गरम, वर कच्चं तेल आणि मीठ. ही ओली सालपापडीच होती. चार हजार किलोमीटर लांब, चॉपस्टिकमधून निसटणारी!

मग तर मी मोजायलाच लागले. मऊ भाताची ‘जुक’ म्हणजे आपली पेज. आल्याच्या रसात गरम दूध ओतून ते थिजवतात, तो थेट खरवसाचा चुलतभाऊ. शहराची दंतकथासुद्धा भाताची: पाच देव पाच मेंढ्यांवर बसून आले, त्यांनी भाताच्या लोंब्या दिल्या आणि इथे कधी दुष्काळ पडणार नाही असा आशीर्वाद दिला. मेंढ्यांचे दगड झाले. त्यांचा पुतळा बागेत आहे, सेल्फीसाठी रांग.

बरं, सगळंच गोड गोड नव्हतं. कोंबडीचे पाय समोर आल्यावर माझं शौर्य संपलं. आमच्या ग्रुपमधल्या शाकाहारी सरांनी पाच दिवस चिवडा, केळी आणि ‘नो मीट’ असा बोर्ड यावर काढले. एकदा तर ‘नो मीट’ म्हणून आलेल्या भाजीत डुकराचा खिमा निघाला. गुगल चालत नाही, सगळा गाव मोबाइलनं पैसे देतो आणि मी नोटा मोजतेय. फेअरमध्ये चालून चालून पायांचे तुकडे. तिथली मजा वेगळीच: बारा स्टॉलवर तीच बॅग, बारा वेगळे भाव आणि प्रत्येक जण सांगणार, ‘माझीच ओरिजिनल.’

ओरिजिनल. तेव्हा धाकट्याची आठवण झाली.

मी एजंटला विचारलं, ‘इथे मंचुरियन कुठे मिळतं?’ ती म्हणाली, ‘मांचुरियातला माणूस हवाय का?’ मांचुरिया तिथून दोन हजार किलोमीटरहून लांब, चीनच्या ईशान्य टोकाला, आणि तिथेही ही डिश नाही. चिकन मंचुरियन १९७५ साली नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं, असंच सगळे सांगतात. आलं-लसूण-मिरची आपली, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर त्यांचं. शेजवान म्हणजे सिचुआन, तो प्रांत वेगळा, आणि आपली लाल चटणी तिथल्या माणसाला दाखवली तर तोही विचारेल हे काय आहे. अजिनोमोटो तर जपानी! १९०९पासून विकतात. थोडक्यात, धाकट्याच्या गाडीवर चायनीज म्हणावं असं काय होतं? कढई.

शेवटच्या रात्री एजंटनं मासा खायला नेलं. खाली काचेच्या टाक्या, आपण बोट दाखवायचं. एका टाकीत चंदेरी, खांद्याला उंच, तोंड पुढे काढलेला मासा बघून मी ओरडलेच, ‘जिताडा!’ पेणच्या खारेपाटातला माणूस जिताडा ओळखायला चुकत नाही. आमच्याकडे लोक घरच्या तळ्यात जिताडे पाळतात. पाहुणा मोठा की जिताडा मोठा. मोबाइलवर शास्त्रीय नाव ताडून पाहिलं. तोच. इराणच्या आखातापासून दक्षिण चीन, पार ऑस्ट्रेलियापर्यंत हा फिरतो. पंधरा मिनिटांत तो अख्खा समोर आला. वाफवलेला. वर आल्याच्या आणि पातीच्या कांद्याच्या काड्या, त्यावर कडकडीत तेल, खाली सोया. बस! ना हळद, ना तिखट, ना चिंच. एजंटनं ताट फिरवलं आणि माशाचं डोकं माझ्याकडे केलं. मानाच्या पाहुण्याकडे डोकं, अशी रीत.

मला वाटलं होतं फिकं लागेल. पण मासा इतका ताजा होता की मसाल्याची आठवणच झाली नाही.

परत आल्यावर पहिल्या रविवारी जित्याला गेले. पेणच्या बाजारातून जिताडा उचलला (किंमत विचारू नका, बॉसनं दिलेला दैनिक भत्ता त्यातच गेला) आणि जाहीर केलं की आज स्वयंपाक मी करणार. मोदकपात्र काढलं तशी काकू कडाडली, ‘मोदकपात्रात मासा? बाप्पाच्या नैवेद्याचं भांडं आहे ते! हात लावू नकोस.’ बरोबरच होतं तिचं. शेवटी सालपापड्यांचं मोठं पातेलं निघालं, वर चाळण, वर परात. मासा नऊ मिनिटं. परातीत सुटलेलं पाणी फेकायचं, नाहीतर वास राहतो. मग आलं, पात, कडकडीत तेल. चर्रर्र आवाजानं शेजारची पोरंसुद्धा आली. हार गाव मात्र साफ फसले. गव्हाचं सत्त्व कुठून आणणार, मी तांदळाची उकड घेतली. काकूनं कळ्या सुंदर पाडल्या, पण पारी जाड. चव? कोळंबीचे मोदक. वाईट नव्हे.

ताट ठेवलं, माशाचं डोकं काकांकडे केलं आणि रीत सांगितली. काका खूश. पहिला घास घेऊन म्हणाले, ‘आजाऱ्याचं जेवण आहे.’ दुसरा घेतला. मग काही न बोलता डोकंच स्वतःच्या ताटात घेतलं. पेणचा माणूस माशाचं डोकं घेतो, तेव्हा त्याला पुढे काही विचारायचं नसतं.

आणि तेव्हाच धाकट्यानं विचारलं, ‘ताई, सांग ना आता. मी विकतो ते खरं का खोटं?’

खोटं बोलता आलं असतं. काकांना कुठे कळणार होतं? पण समोर तो मासा होता. मी म्हटलं, ‘खरं सांगू? तू विकतोस त्यातलं एकही तिकडे कोणाला माहीत नाही. मंचुरियन मुंबईचं आहे.’

काकांनी मान डोलावली. ‘मी काय म्हणत होतो? ज्याचं खरं माहीत नाही ते विकायचं कसं?’

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग तो शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, आजोबा शाडूचे गणपती करायचे. तुम्ही प्लास्टर घेतलंत. रबराचा साचा घेतलात. ते खरं?’

घरात आवाज फक्त पंख्याचा. काकू उठून आत गेली. हा प्रश्न आमच्या पट्ट्यात कोणी जेवताना विचारत नाही. शाडूची मूर्ती वाळायला वेळ घेते, जड असते, वाहतुकीत तडकते. हजारोंची ऑर्डर मुदतीत द्यायची तर प्लास्टर. हे काकांनीच मला लहानपणी समजावलं होतं. पोट भरायला केलं, हेच उत्तर. आणि ते धाकट्याचंही उत्तर होतं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘डोळे मी हातानं काढतो.’ एवढंच. हात धुवायला उठले.

संध्याकाळच्या गाडीनं मी परतले. आपण नको तिथे खरं बोललो, असं आपट्यापर्यंत वाटत राहिलं. धाकटा पंधरा दिवस फोन उचलेना. सोळाव्या दिवशी मेसेज: ‘ताई त्या सालपापडीत कोळंबी घालायची तर आधी का नंतर?’

आधी. पीठ पसरल्यावर लगेच.

तर शनिवारी त्यानं गाडीवर एक पातेलं वाढवलं. ओली सालपापडी, कोळंबी, वर सोया. पहिल्या दिवशी सात प्लेट गेल्या. तीन गिऱ्हाइकांनी ‘शेजवान चटणी द्या यावर’ म्हणून मागितली. त्यानं दिली! मला आधी राग आला, मग एक प्लेट मी पण तशीच खाल्ली. काय सांगू, मस्त लागते.

मार्च २०२०ला सगळं बंद. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. त्या वर्षी सार्वजनिक गणपती चार फुटांवर आले, ऑर्डरी आटल्या, कारखान्यात काकांनाही काम नाही. बापलेक एका घरात, दोघेही रिकामे. दिवाळीनंतर गाडी पुन्हा लावायचं ठरलं, तेव्हा तिला रंग द्यायला हवा होता. मी त्या दिवशी जित्यालाच होते. धाकटा ड्रॅगनवर पिवळा ब्रश फिरवत होता. काका ओटीवरून पाहत होते. अर्धा तास. शेवटी उठले.

‘हा ड्रॅगन आहे की गांडूळ? सरक.’

आत जाऊन आखणीचा बारीक ब्रश घेऊन आले. खवले काढले, मिशा काढल्या, आणि सगळ्यात शेवटी श्वास रोखून डोळे. ‘चायनिज’मधली वेलांटीही जाता जाता दीर्घ केली. हायवेवर जिते सोडलंत की डाव्या हाताला बघा, त्या ड्रॅगनचे डोळे थेट बाप्पाचे आहेत.

धाकट्यानं पहिली प्लेट अण्णांपुढे केली. काकांनी प्लेटकडे पाहिलं, वास घेतला आणि परत दिली.

‘शनिवार आहे,’ म्हणाले.